दुसरं आवतण

प्रकाशा गावात पाटलांच्या भाऊबंदकीत कुणाकडे जेवणावळ ठरली, की घरधनी आधी आचाऱ्याला गाठत नाही, मगनला गाठतो. आचारी काय, शहाद्याहून एक म्हणता दोन येतील. पण घरोघरी जाऊन माणसं पंगतीला उठवून आणणारा मगन एकच आहे. हे काम त्याच्याकडे कसं आलं ते आता कुणाला आठवत नाही. ऐन तरुणपणी चुलतबहिणीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, "मगन, जरा सगळ्यासले बलाई लय," आणि तो जो निघाला तो आज साठी उलटली तरी फिरतोच आहे. घरी पपईची बाग आहे, केळी आहे, मुलगा नवनीत शहाद्याला शाळेत मास्तर आहे. मगनला कुणाच्या दारात उभं राहायची काही गरज नाही. पण गावात त्याची ओळख म्हणाल तर तीच.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आवतण दोनदा द्यावं लागतं. पहिलं सकाळी, नुसतं कानावर घालायला. दुसरं पानं मांडली की, माणूस उठवायला. पहिल्या आवतणावर जो आला तो हावरट आणि दुसऱ्यावरही जो आला नाही तो रुसलेला, असा आपला साधा हिशेब. आणि एकदा माणूस उठून चालायला लागला की त्याला पुन्हा बोलवायचं नसतं. ते म्हणजे त्याला भर रस्त्यात भुकेला म्हणण्यासारखं आहे. मगनने हे सगळं इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळलं.

त्यात सगळ्यांत चिवट गिऱ्हाईक म्हणजे रूपचंद, मगनचा चुलतभाऊ. दोघं बरोबरीचे. दुसरं आवतण घेऊन मगन दारात उभा राहिला की रूपचंद आतून हमखास सांगायचा, "टोपी सापडी नही ऱ्हायनी." टोपी समोर खुंटीला लटकलेली असायची, मगनला ओट्यावरून दिसायची. पण जरा ताटकळत ठेवल्याशिवाय रूपचंदला जेवण गोड लागत नसे. मग मगन ओट्यावर टेकायचा आणि बिडी पेटवायचा. तिकडून पुढच्या दारात, तिथे दुसरी. लोकांच्या टोप्या सापडेपर्यंत मगनने किती बिड्या ओढल्या असतील ते तापीमाईलाच माहीत.

आणि एक गंमत सांगायची राहिली. सगळ्या भाऊबंदकीला आवतण देणाऱ्या मगनला स्वतःला कधी कुणी आवतण दिलं नाही. द्यायचं कुणी? तो तर आधीच तिथे असतो. शेवटच्या पंगतीत वाढप्यांबरोबर बसायचं, उरलं असेल ते खायचं आणि हात धुऊन घरी यायचं. याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, निदान तसं तो म्हणायचा.

तर यंदा भर उन्हाळ्यात मगनला लघवीतून लाल जायला लागलं. दुखत काही नव्हतं. उन्हाळी लागली असेल म्हणून तो धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायला. आपोआप थांबलंही. मंगलाबाईला, म्हणजे बायकोला, त्याने पत्ता लागू दिला नाही. महिन्याने पुन्हा आलं, रक्ताच्या गुठळ्यांसकट आलं, आणि या वेळी तिनेच पाहिलं. ती सरळ नवनीतला म्हणाली, उद्या शाळेला सुटी टाक.

नवनीतने त्याला सुरतेला नेलं. सुरतेला उधन्यात मंगलाबाईचा भाऊ असतो. तशी अर्धी खानदेशची माणसं तिथेच सापडतात. तिथल्या एका दवाखान्यात कुंदन डॉक्टर भेटला. पोरगेलासा, पण मूत्रमार्गाच्या आजारांचं मोठं शिक्षण झालेला, आणि मूळचा तळोद्याचा. त्याने "काय हुई ऱ्हायनं आबा?" असं विचारलं आणि एवढ्या परक्या शहरात आपली बोली ऐकून मगनचं अर्धं दुखणं तिथेच पळालं. उरलेलं अर्धं मात्र पळण्यातलं नव्हतं. मूत्राशयात गाठ होती. डॉक्टरने दुर्बिणीतून ती खरवडून काढली, तपासायला पाठवली, आणि आठ दिवसांनी नवनीतला आणि मगनला समोर बसवून सांगितलं की हा कॅन्सर आहे. अजून आतल्या अस्तरातच आहे, खोल गेलेला नाही, पण पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या जातीचा आहे. हे बिडीचं देणं. धूर छातीत जातो आणि त्यातलं विष रक्तातून गाळून लघवीत उतरतं आणि तासन्‌तास तिथेच साठून राहतं. ते ऐकून मगनला सगळ्यांत आधी रूपचंदची टोपी आठवली.

आता सहा आठवडे, दर सोमवारी, मूत्राशयात औषध सोडायचं. त्याने भागलं तर उत्तम. नाही भागलं तर अख्खं मूत्राशय काढावं लागेल आणि पोटाला बाहेरून पिशवी लावावी लागेल. लघवी त्या पिशवीत.

कॅन्सर हा शब्द मगनने पचवला. पिशवी त्याला पचली नाही. सदऱ्याखाली ती पिशवी घेऊन लोकांच्या उंबऱ्यावर कसं उभं राहायचं, पंगतीत शेजारी कोण बसेल, आणि श्रावणात कानबाई देवी घरात बसते तेव्हा तिच्या समोर कसं जायचं, हे सगळं त्याच्या मनात एकदम गर्दी करून आलं. गावात कुणी त्याला हाकललं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण लोक काय करतील त्यापेक्षा आपण काय करू याचीच त्याला धास्ती होती. घरी आल्यावर फक्त मंगलाबाईला म्हणाला, "पिशवी लागनी ते मी कोनाच दारे जावाव नही." ती तांदूळ निवडत होती. तिने निवडणं थांबवलं.

औषधाचं नाव ऐकून मात्र मगनला हसूच आलं. बीसीजी. तान्ह्या पोराच्या दंडावर टोचतात ती क्षयाची लस. त्याच्या दोन्ही नातवंडांच्या दंडावर तिचे वण आहेत. एवढा मोठा आजार आणि डॉक्टर बाळाची लस काढून बसला, म्हणजे याला दुसरं काही येतं की नाही अशी शंका त्याने पहिल्याच सोमवारी बोलून दाखवली. कुंदन डॉक्टर काही रागावला नाही. नळी घालता घालता त्याने समजावून सांगितलं.

"हाई औषध कॅन्सरले मारत नही, आबा. हाई फक्त बोंब मारस. मारनारा तुम्हना आंगमाच शेतस, पन झोपेल शेतस."

मग त्याने फोड करून सांगितली. या लसीत क्षयाचे अर्धमेले जंतू असतात. ते मूत्राशयाच्या भिंतीला चिकटले की भिंतीतल्या पेशी घाबरून निरोप सोडतात. हे निरोप म्हणजे बारीक बारीक प्रथिनं. कुणाचं नाव इंटरल्यूकिन, कुणाचं इंटरफेरॉन, नावं पाठ करायची गरज नाही. ती रक्तातून जातात आणि अंगातल्या शिपाई पेशींना उठवून आणतात. शिपाई येतात जंतूंसाठी, पण आल्यावर त्यांना तिथे लपून बसलेला कॅन्सरही दिसतो. मग दोघांचाही समाचार घेतात. कॅन्सरचं सगळं कसब एवढंच, की तो आवाज न करता राहतो आणि त्याच्याविरुद्ध कुणी निरोपच धाडत नाही.

मगन ऐकत राहिला. त्याला इंग्रजी नावं कळली नाहीत, पण काम नेमकं कळलं. जन्मभर त्याने दुसरं केलंय काय? म्हणजे आपल्या पोटात आता एक मगन सोडलाय, दारोदार जाऊन लोकांना उठवणारा. त्याला इतकं बरं वाटलं की नळीचं दुखणंही तो विसरला.

औषध आत गेल्यावर दोन तास लघवी दाबून ठेवायची. आणि नुसतं पडून नाही राहायचं. थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची, उताणं, डावं, पालथं, उजवं, म्हणजे औषध चहूकडे लागेल. नंदुरबारला पथारीवर वाळत टाकलेली मिरची उलटीपालटी करतात तसं सिस्टर त्याला फिरवत होती. मग उधन्याला मेव्हण्याकडे मुक्काम, आणि तिथे प्रत्येक वेळी संडासात ब्लीचिंग टाकायचं, कारण जंतू अर्धमेले का होईना, जंतूच. मंगलाबाई दर खेपेला बरोबर जायची आणि ब्लीचिंगचा डबा भावजयीच्या हाती न देता पावडर स्वतःच टाकायची.

डॉक्टरने सांगून ठेवलं होतं, की अंगात निरोप फिरायला लागले की थोडी जळजळ होईल, अंग मोडेल, एखाद दिवस ताप येईल. ताप तसाच चढत राहिला तर लगेच फोन करा, पण थोडा आला तर घाबरू नका, ते निरोप पोचल्याचं लक्षण आहे. झालं असं, की पहिल्या सोमवारनंतर काहीच झालं नाही. दुसऱ्यानंतर नाही. तिसऱ्यानंतर किंचित जळजळ, बस. नवनीत काळजीत पडला. मंगलाबाईने तर देवीला साकडं घातलं, आणि जगात नवऱ्याला ताप येऊ दे म्हणून नवस बोलणारी ती पहिलीच बाई असावी. मगन मात्र निर्धास्त होता. पहिल्या आवतणावर कोण उठतं? सगळे टोप्या शोधत असतील, म्हणाला. आणि डॉक्टरचंही म्हणणं जवळपास तेच निघालं. सुरुवातीला अंग नुसती ओळख करून घेतं, खरी हालचाल नंतर होते.

चौथ्या सोमवारी रात्रीपासून मगन कुडकुडायला लागला. ताप, अंगदुखी, लघवीला दर अर्ध्या तासाने उठणं. उधन्याला दोन गोधड्यांखाली दात वाजत असताना त्याचा चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा खुलला होता. आले, म्हणाला, सगळे आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला.

आणि इथेच मगनने घोटाळा केला.

पाचवा सोमवार नेमका कानबाईच्या विसर्जनाचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिला तापीवर नेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू घेऊन दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ते सगळ्या भाऊबंदकीने मिळून खायचे. वर्षातलं सगळ्यांत मोठं आवतण ते. ते चुकवून सुरतेला जाणं मगनच्या जिवावर आलं होतं, हे खरं. पण तेवढ्यासाठी तो राहिला असता असं नाही. त्याचं मन मोडलं ते दुसऱ्याच विचाराने. माणसं तर उठली. ताप आला म्हणजे ती आली, पंगतीला बसली. आता पुन्हा औषध सोडायचं म्हणजे उठून आलेल्या माणसाला परत बोलावणं. एवढे अंगातले शिपाई आपल्यासाठी धावून आले आणि आपण त्यांचा असा अपमान करायचा? इतक्या वर्षांत जी चूक केली नाही ती आता पोटात करायची? त्याला ते मनापासून पटलं. घरी त्याने सरळ सांगून टाकलं, की डॉक्टरचा फोन आला होता, ताप चांगला आला म्हणून चारच पुरे झाले. नवनीतला आनंद झाला. मंगलाबाईने देवीला नारळ वाहिला. कुणी शहानिशा केली नाही, कारण चांगल्या बातमीची शहानिशा कोण करतो?

सोमवारी सकाळी मंगलाबाईच्या डोक्यावर कानबाईचा चौरंग होता. थोरली सून म्हणून तो मान तिचा. पुढे वाजंत्री, मागे बाया गाणी म्हणत, आणि सगळ्यांच्या पुढे मगन घराघरातून माणसं काढत चाललेला. नदीत उतरायचं म्हणून त्याने मोबाइल सुनेच्या हाती दिला होता. रंजिता, म्हणजे नवनीतची बायको, काठावर उभी होती तेवढ्यात तो वाजला. सुरतेची सिस्टर विचारत होती, आबा कुठपर्यंत आले, औषध काढून ठेवलंय. रंजिताने घडाघडा सगळं विचारून घेतलं. चारवर कुणीच थांबायला सांगितलं नव्हतं. देवीला निरोप देऊन सगळे घरी परतले, तेव्हा तिने स्वयंपाकघरात सासूच्या कानात सांगितलं.

मंगलाबाई बाहेर आली. मगन ओट्यावर पाय पसरून बसला होता, दिवसभराच्या चालण्याने दमलेला आणि खूश. ती चिडेल असं रंजिताला वाटलं होतं. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्याला एकच विचारलं, असं का केलं. मगन चाचरत चाचरत सगळं बोलला. उठलेल्या माणसाला पुन्हा बोलवायचं नसतं, तेही बोलला. तिने ते पुरतं ऐकून घेतलं.

"पहिली पंगत उठनी म्हणजे गाव जेवनं का?" ती म्हणाली. "बायासनी पंगत ते आजून बाकीच ऱ्हास. तिले कोन बलावस? तुम्हीच ना?"

पुरुषांच्या दोन पंगती उठल्या की स्वयंपाकघराच्या दारात जाऊन, चला, आता तुम्ही बसा, असं बायकांना सांगणारा तोच. आणि आत घामाने निथळत उभी असलेली मंगलाबाई दर वेळी त्या शेवटच्या हाकेची वाट बघत असायची. तो हाक मारायला विसरला तर ती उपाशी राहिली असती. शितावरून भाताची परीक्षा करणारा मगन इथे मात्र पहिल्याच शितावर फसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तितकीच भीतीही, कारण पिशवी टाळायला निघालेला माणूस आपल्याच हाताने पिशवी ओढवून घेत होता.

पुढच्या सोमवारी तो सुरतेला गेला. कुंदन डॉक्टरने कान उपटले, पण फार नाही. एका आठवड्याने काही बिघडत नाही, म्हणाला, पण यापुढे पंगती मोजायचं काम माझ्याकडे ठेवा. पाचवा डोस झाला, सहावा झाला. दोन्ही वेळा ताप आला, जळजळ झाली, आणि मगन रात्री पुन्हा पुन्हा उठताना मेव्हण्याला सांगायचा, जेवून उठताहेत, हात धुताहेत.

मग वाट बघणं आलं. नवरात्र येऊन गेलं. बागेत पपई धरली होती, फवारणी होती, पण मगनचं लक्ष कशात लागेना. बिडी सुटली होती, त्या जागी सदऱ्याच्या खिशात बडीशेपेची पुडी आली. तो जेवणावळींची आवतणं देत राहिला, पण दारात उभा असताना त्याचा हात नकळत पोटावर जायचा.

दसरा झाल्यावर डॉक्टरने पुन्हा दुर्बीण घातली. पडद्यावर आतलं सगळं दिसतं. मगनने मान वळवून घेतली होती. मंगलाबाई बाहेर बाकावर बसली होती. कुंदन डॉक्टरने दुर्बीण चहूकडे फिरवून बघितली, आणि मग मगनला पडद्याकडे बघायला लावलं. गुलाबी, साधी, गुळगुळीत भिंत. जिथे गाठ होती तिथे नुसता एक पांढरट वण. लघवीची तपासणीही साफ आली होती. मूत्राशय जागेवर राहणार होतं. अर्थात, डॉक्टरने लगेच बजावलं, की पाहुणे विसराळू असतात. मधून मधून तीन-तीन डोस पुन्हा घ्यावे लागतील, आणि दुर्बीण तर वर्षानुवर्षं. मगन म्हणाला, कितीदाही बोलवा. बाहेर येऊन त्याने मंगलाबाईला सांगितलं, "पिशवी नही लागनी." तिने पदर डोळ्याला लावला आणि मग नर्सला विचारलं की चहा कुठे मिळेल.

गावात आल्यावर दोन दिवसांनी सकाळी रूपचंद दारात उभा. मगन अंघोळ करून बाहेर येत होता. रूपचंद त्याच्या दारात सहसा कधी येत नसे, मगनच त्याच्याकडे जायचा. तो आत बसायलाही आला नाही. ओट्यावर उभ्याउभ्याच म्हणाला, की आज त्याच्या घरी दुपारी जेवण आहे, मगन बरा झाला म्हणून, सगळी भाऊबंदकी आहे, घरच्या सगळ्यांनी यायचं. एवढं सांगून तो पुढच्या घराकडे वळला. सांध्यांनी अधू झालेला, दोन घरं फिरला की धापा टाकणारा रूपचंद त्या दिवशी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मगन ओट्यावरून बघत राहिला. आपणही जावं, त्याला मदत करावी, म्हणून त्याने चपला घातल्या. मंगलाबाईने त्या काढायला लावल्या.

दुपार झाली. रूपचंदच्या घरून वांग्याच्या भाजीचा आणि तळणाचा वास येत होता. लोक जाताना दिसत होते. नवनीत गेला, रंजिता आधीच तिकडे पोळ्या लाटायला गेली होती. मंगलाबाई दाराशी थांबली आणि मगनला म्हणाली, चला. मगन धुतलेला सदरा घालून, टोपी डोक्यावर ठेवून, ओट्यावर अगदी तयार बसला होता. तो उठला नाही. अजून दुसरं आवतण आलं नव्हतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तीही शेजारी बसली.

थोड्या वेळाने रूपचंद आला. घामाघूम, एक हात कमरेवर. पायरीशी उभं राहून त्याने श्वास घेतला. "चाल मगन," तो म्हणाला, "पंगत बठी ऱ्हायनी. तुन्हासाठे थांबेल शेतस सगळा."

मगनला काहीतरी चेष्टेचं बोलायचं होतं. कित्येक वर्षं मनात साठवलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यासाठी पंगत थांबवली होती, आणि हे त्याला किती हवं होतं ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

"जरा थांब," तो कसाबसा म्हणाला. "टोपी सापडी नही ऱ्हायनी."

रूपचंदने त्याच्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं, आणि मग तो ओट्यावर टेकून बसला. मगनने खिशातली बडीशेपेची पुडी काढून त्याच्यापुढे धरली.